अकरावं कडवं

मी त्या मठात पहिल्यांदा गेले ती एक पायपेटी बघायला.

गेल्या वर्षीचा मे महिना नुकताच लागला होता. कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला. काटोल रोडवरून आत वळलं की कॅथलिक सिस्टरांचा एक जुना मठ लागतो, तो बंद होतो आहे, सामान वाटून टाकत आहेत, त्यात पायानं भाता मारायची एक पेटी आहे. कुणाला हवी असेल तर न्यावी. असल्या निरोपांची मी तेव्हा वाटच बघत असायचे. सरकारी शिष्यवृत्तीवर मी पाच वर्षं स्कॉटलंडला होते, आवाज जतन करण्याचं शास्त्र शिकायला. तिथली बरी नोकरी सोडून इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये परत आले होते. नागपुरात आणि आसपास जे आज ऐकू येतं आणि उद्या येणार नाही, ते सगळं मी वाचवणार होते. दंडारीचे खेळ करणाऱ्या म्हाताऱ्यांची गाणी मी भरून आणली होती, नॅरोगेजच्या गाडीची शिटी तोंडानं काढणारा पारशिवनीचा एक माणूस भरून आणला होता. आई पोस्टातून निवृत्त झालेली. ती म्हणायची, "एवढं शिकून आली, अन् लोकाचे खोकले भरून राहिली."

मी हसायचे. मला खरंच वाटायचं की एखादा आवाज आपल्यामुळे मेला नाही, तर आपलं जगणं फुकट गेलं नाही.

पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला होता. मठाच्या प्रमुख सिस्टर अनिमा मला ते दाखवून ओशाळल्या. त्या जशपूरकडच्या, पन्नाशीच्या, बोलणं हिंदी-मराठी मिसळलेलं. हा मठ आवरायला म्हणूनच त्यांना दोन महिन्यांपूर्वी इथे पाठवलं होतं. मी निघणारच होते, तेवढ्यात त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या की तीनची प्रार्थना आहे, बसायचं असेल तर मागे गुपचूप बसा.

प्रार्थनाघर लहान होतं. पांढरा चुना, खिडकीत मोठा कूलर, ओल्या वाळ्याचा आणि मेणाचा वास. मधे वाट सोडून समोरासमोर लाकडी आसनांच्या दोन रांगा होत्या, बारा इकडे, बारा तिकडे. चोवीस आसनांपैकी एकावरच कुणी बसलं. वॉकर टेकत एक अगदी म्हाताऱ्या सिस्टर आल्या आणि उजव्या रांगेत सहाव्या जागेवर बसल्या. घंटा वाजली. आणि मग काहीच झालं नाही.

मला वाटलं त्यांना झोप लागली. कूलर घरघरत होता. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मी सिस्टर अनिमांकडे बघितलं, त्या डोळे मिटून होत्या. मग म्हाताऱ्या सिस्टरांनी छाती भरून श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. चारच सुरांची चाल. एका जागी ती वर जायची आणि तिथेच थांबून राहायची, जशी एखादी बाई दारात येऊन आत यावं की नाही असं उभी राहते. आवाज ऐंशी वर्षांचा, पण सरळ. शब्द मराठी होते. माझ्या अंगावर काटा आला तो भीतीनं नाही, आनंदानं.

एक कडवं झालं. त्या पुन्हा गप्प झाल्या आणि पुढची चौदा-पंधरा मिनिटं गप्पच राहिल्या. मग उठून समोरच्या रिकाम्या रांगेला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि वॉकर घेऊन निघून गेल्या.

मला ते सगळं उलगडून सांगितलं ते स्वयंपाकघरात कुसुमताईंनी, कैरीचं पन्हं देता देता. कुसुमताई कुहीकडच्या, तीस वर्षं मठाचा स्वयंपाक करत होत्या. त्या स्वतः खंडोबाच्या, पण मठातलं सगळं त्यांना ठाऊक. साठ वर्षांपूर्वी सिस्टरांना लॅटिन सोडून आपल्या भाषेत गायची मुभा मिळाली, तेव्हा इथल्या मदरनी तीनच्या प्रार्थनेचं एक लांब स्तोत्र मराठीत रचून घेतलं. येशूनं क्रुसावर प्राण सोडला ती तीनची वेळ, म्हणून तेवढी प्रार्थना वेगळी. चोवीस कडवी, प्रत्येकाची चाल निराळी, आणि प्रत्येक कडवं एकेका सिस्टरचं. ते दुसरीनं म्हणायचं नाही. मदरनी लिहूनही ठेवू दिलं नाही; लिहिलं की ऐकणं सुटतं, म्हणायच्या. एखादी सिस्टर वारली की नवी मुलगी येऊन ते कडवं घेईपर्यंत त्या कडव्याइतका वेळ सगळ्यांनी गप्प राहायचं.

"अन् नवी पोरगी येऊन आता तीस-पस्तीस वर्षं झाली," कुसुमताई म्हणाल्या. "तेवीस जणी गेल्या. राहिल्या एकट्या मोठ्या सिस्टर. त्यायचं अकरावं."

मोठ्या सिस्टरांचं नाव पर्पेचुआ. मठ अजून अठरा दिवसांनी बंद होणार होता आणि त्यांना बंगळूरला नेणार होते, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात. चोवीसच्या चोवीस चाली ठाऊक असलेलं जगात एकच माणूस उरलं होतं. मी त्या दिवशी घरी परतले तेव्हा ऊन माझ्या लक्षातही आलं नाही.

मी रोज जायला लागले. अडीचला पोचायचे, तीनची प्रार्थना ऐकायचे, मग व्हरांड्यात सिस्टर पर्पेचुआंजवळ बसायचे. त्या मूळच्या वसईच्या, अठराव्या वर्षी इथे आलेल्या. वसईची बोली कधीच गेली होती, अस्सल नागपुरी बोलायच्या. हात रिकामा ठेवायच्या नाहीत, कुसुमताईंचा लसूण सोलत बसायच्या. मी विचारलं की बाकीची तेवीस कडवी चालत असताना तुम्ही मनात मोजता का, की आपली पाळी नेमकी कधी आली ते कळतं?

"मोजत नाही वं," त्या म्हणाल्या. "आयकते."

मला ते श्रद्धाळू माणसाचं बोलणं वाटलं. सुंदर वाटलं. मी वहीत लिहून घेतलं.

त्यांना हे कडवं कसं मिळालं तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्याआधी ते सिस्टर लुडोविकांचं होतं. पर्पेचुआंच्या शपथेच्या दिवशी लुडोविकांना खुर्चीवर बसवून आणलं, त्या आजारानं खंगल्या होत्या. अकराव्याची पाळी आली, त्यांनी श्वास भरला आणि गप्प राहिल्या. तेव्हा पर्पेचुआंनी कडवं म्हटलं. जिवंतपणी द्यायचं तर असंच देतात, जिचं आहे तिनं श्वास घ्यायचा आणि दुसरीनं म्हणायचं. मी विचारलं, मग लुडोविकांनी पुढे कोणतं कडवं म्हटलं?

"पुढं काय म्हणतीन? काम झालं होतं त्यायचं. त्याच दिवशी दिवेलागणीले गेल्या."

लसणाची एक पाकळी त्यांच्या हातून सुटून व्हरांड्यात घरंगळत गेली. मी ती उचलून दिली.

रोज मी त्यांना विनवायचे की चोवीस कडवी मला म्हणून दाखवा, भरून घेते. रोज त्या नाही म्हणायच्या. रागावून नाही; दुसऱ्याच्या घरातलं भांडं उचलून देऊ का, असं कुणी विचारलं तर आपण जसं नाही म्हणू, तशा. ते माझं नाही, एवढंच. दहा दिवस असे गेले. मी सांगितलं की भरून घेणं म्हणजे लिहिणं नव्हे. मी त्यांना स्कॉटलंडच्या बेटांवरच्या बायांची गाणी ऐकवली, ज्या बाया मेल्या पण गाणी राहिली. त्यांनी मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, बाया चांगल्या होत्या.

अकराव्या दिवशी मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. मी म्हणाले, "सिस्टर, तुम्ही बंगळूरला जाल. ही आसनं सुतार नेणार आहे, अनिमा सिस्टरांनी त्याला सांगितलंय. तुम्ही म्हणता तुम्हाला ऐकू येतं, म्हणजे त्या तेवीसजणी इथेच बसून म्हणतात. मग तुम्ही गेल्यावर, ही खोली मोडल्यावर... त्या कुठे म्हणतील?"

त्यांचे हात थांबले. त्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. आणि हे सांगितलंच पाहिजे, की ती बघून मला बरं वाटलं. आता या तयार होतील, असं वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "एकदाच म्हणीन. पण त्यायले ते पसंत पडणार नाही, पोरी."

मी म्हणाले, मी त्यांची माफी मागेन. असं मी खरंच म्हणाले.

रेकॉर्डिंगचा दिवस शुक्रवार होता. सकाळच्या पेपरात सेहेचाळीसचा आकडा होता. दुपारी दोन वाजता काटोल रोडवर कुत्रंही नव्हतं, डांबर चपलेला चिकटत होतं. सिस्टर अनिमा कागदपत्रांसाठी बिशपांच्या कार्यालयात गेल्या होत्या, पाचपर्यंत येणार होत्या. जाताना त्यांनी नेहमीचंच बजावलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय, दुपारी मोठ्या सिस्टरांना कूलरशिवाय ठेवायचं नाही.

मी दोन रांगांच्या मधे स्टँड उभा केला, दोन माइक लावले, एक उजवीकडे, एक डावीकडे. हेडफोन कानाला लावले आणि कानात कूलरशिवाय काहीच नव्हतं. जशी पत्र्यावरून गिट्टी ओततात. त्यात तो चार सुरांचा आवाज बुडून गेला असता. मी जाऊन कूलर बंद केला. खिडक्याही लावून घेतल्या, कावळे ओरडत होते म्हणून.

कुसुमताई दारात येऊन उभ्या राहिल्या. "ताई, तो बंद नोका करू. म्हातारीचा जीव आहे तो."

मी म्हणाले, पंचवीस मिनिटांचा प्रश्न आहे.

"पंचवीस मिनिटात इथं पापड भाजते," त्या म्हणाल्या. मग सिस्टरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी तरी सांगा वं." सिस्टर पर्पेचुआंनी मान हलवून त्यांना जायला सांगितलं. कुसुमताई गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, ते बघणं अजून माझ्याजवळ आहे.

खोली झपाट्यानं तापली. वाळ्याचा वास आधी दाट झाला, मग सुकला, मग नुसत्या जुन्या लाकडाचा वास राहिला. सिस्टर आपल्या नेहमीच्या जागी, उजवीकडे सहाव्या. घंटा मीच वाजवली.

पहिलं कडवं त्यांनी म्हटलं. साधं, ठाम, माझ्या हेडफोनमध्ये उजव्या कानात. रेकॉर्डरच्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. मला रडू आलं. कित्येक वर्षांत कुणी न ऐकलेलं कडवं माझ्या मशीनमध्ये आलं होतं.

दुसऱ्या कडव्याआधी मला डाव्या कानात एक श्वास ऐकू आला. गाणारं माणूस घेतं तसा, तोंड उघडून, पोटापर्यंत. पण डावीकडे कुणी नव्हतं. मी मान वर केली. रिकामी आसनं, त्यांच्या पाठींवर उन्हाची एक बारीक तिरीप. सिस्टर दुसरं कडवं म्हणायला लागल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं की भिंतीवरून त्यांचाच श्वास फिरून आला असेल.

तिसऱ्याआधी श्वास उजवीकडून आला, पण सिस्टरांच्या जागेवरून नाही, दाराजवळच्या जागेवरून. चौथ्याआधी पुन्हा डावीकडून. प्रत्येकाचा वेगळा. एक जाड, एक शिट्टीसारखा बारीक, एक दम्याच्या माणसाचा, आत जाताना दोनदा अडखळलेला. प्रत्येक श्वास कडव्याच्या सुरुवातीला नेमका यायचा, आणि मग सिस्टरांचा आवाज त्याच्यावर चढायचा.

पाचव्या-सहाव्या कडव्याला मला कळलं की यात काय चुकतं आहे. श्वास आत जात होते. एकही बाहेर येत नव्हता.

त्या तेवीसजणी कान देऊन बसलेल्या होत्या, आपल्या पाळीला छाती भरून घेत होत्या आणि त्यांचं कडवं दुसरीच म्हणत होती. आणि त्या श्वास धरून बसल्या होत्या. आठ झाल्या. नऊ. हेडफोनमध्ये आता शांतता राहिली नव्हती. बंद खोलीत खूप माणसं दाटीनं, न हलता बसली की जसं कानाला दडपण येतं, तसं काहीतरी होतं.

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा विटकरी रंगाचा झाला होता आणि कपाळ कोरडं होतं. सेहेचाळीस डिग्रीत घाम थांबणं म्हणजे काय, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. मी ते बघितलं. मला कळलं. आणि मी हातानं खूण केली की पुढे चला.

दहावं झालं.

अकरावं त्यांचं स्वतःचं. त्यांनी श्वास घेतला, छाती वर आली, आणि थांबल्या. तोंड उघडं, नजर माझ्यावर. मी वाट बघितली. गाणाऱ्याला ओळ आठवत नसेल तर सुरुवातीचे दोन सूर हळूच द्यायचे, ही आमच्या कामातली सवय. मी काही विचार केला नाही. पंधरा दिवस रोज ऐकून ते माझ्या जिभेवर बसलं होतं. मी दोन सूर दिले.

मग मला थांबता आलं नाही. तिसरा सूर आला, चौथा आला, चाल वर गेली आणि दारातल्या त्या बाईसारखी तिथे थांबून राहिली, आणि पूर्ण कडवं एका श्वासात माझ्या तोंडून बाहेर पडलं. आवाज माझाच होता. शब्द मी कधी पाठ केले नव्हते.

सिस्टर पर्पेचुआंनी तोंड मिटलं. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यावर बायका जशा क्षणभर मान मोकळी करतात, तशी त्यांनी मान सैल सोडली. त्या हसल्या. मी आजपर्यंत ठरवू शकले नाही की ती माझी चूक होती, की त्या या एका गोष्टीसाठीच तयार झाल्या होत्या.

आणि बारावं सुरू झालं.

सिस्टरांचे ओठ मिटलेले होते. डावीकडून, त्यांच्या नेमक्या समोरच्या आसनावरून आवाज येत होता, घोगरा, तिसऱ्या सुरावर किंचित कापणारा. मी हेडफोन काढले. खोलीत काही नव्हतं. उन्हानं लाकूड तडकल्याचा आवाज. पुन्हा लावले. बारावं संपलं, तेरावं उजवीकडून आलं, मग चौदावं... एकेक करत, आपापल्या जागेवरून, आपापल्या चालीत. मी जगातलं सगळ्यात सुंदर गाणं ऐकत होते. मला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा मोठी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती, की हे पूर्ण मिळालं पाहिजे. मधे उठले तर माझ्या हालचालीचा आवाज येईल. म्हणून मी उठले नाही. समोर सिस्टर मान सैल सोडून, हसऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या, आणि तेरा कडवी संपेपर्यंत मी त्यांना हात लावला नाही.

चोविसावं संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. त्यांचा हात तव्यासारखा तापला होता. मी कुसुमताईंना हाक मारली.

त्या दिवेलागणीला गेल्या. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. सिस्टर अनिमांनी मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न विचारला, कूलर कुणी बंद केला, आणि मी खरं सांगितलं. त्या वळून आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कुसुमताई दफनाला माझ्यापासून लांब उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी कुहीला निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात सुतारानं आसनं नेली.

माझ्याजवळ रेकॉर्डिंग होतं. मला तेवढ्याचाच आधार होता. माझ्यामुळे एक माणूस गेलं, पण चोवीस कडवी राहिली, असं मी स्वतःला रात्रंदिवस सांगत होते. चौथ्या दिवशी मी ते ऐकायला बसले. एकोणतीस मिनिटांची फाइल होती. तिच्यात खोलीची शांतता होती. कावळा होता, बंद खिडकीपलीकडचा. मी भरताना ज्या पट्ट्या नाचताना बघितल्या होत्या, त्या आता सपाट होत्या. सिस्टरांचा आवाज नव्हता, श्वास नव्हते, बारावं नव्हतं, काही नव्हतं. अकरावं मिनिट संपता संपता एक कडवं होतं, माझ्या आवाजात, आणि पुन्हा शेवटपर्यंत शांतता.

मी तीन वेगवेगळ्या मशीनवर ऐकलं. मग ऐकणं सोडलं.

तीनची गोष्ट त्याच आठवड्यात सुरू झाली. पहिल्यांदा मी कळमन्याच्या बसमध्ये होते. तीनला काही नाही झालं, तीन वाजून अकरा मिनिटांच्या सुमारास माझी छाती आपोआप भरली आणि श्वास तिथेच अडकला. सोडायला गेले तर सुटेना. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. शेजारची बाई पाठीवर थापट्या मारत होती. मग माझं तोंड उघडलं आणि मी भर बसमध्ये अकरावं कडवं म्हटलं. म्हटल्यावर श्वास सुटला. लोकांनी वळून बघितलं, एक म्हातारा म्हणाला आवाज गोड आहे पोरीचा.

त्या दिवसापासून रोज. तोंडावर हात दाबून बघितला, पाण्यात डोकं घालून बघितलं. गोळी घेऊन झोपून बघितलं, तर झोपेत म्हटलं. शेवटी सिस्टर अनिमांना फोन केला, त्या तोवर जशपूरला परत गेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दिया है तो बोलना पडेगा, करिष्मा. मी काय करू शकते?" आणि मग, हळू आवाजात, "बाकी के तेईस का क्या होगा, पता नहीं."

मी बाकीची कामं सोडली. कुणाच्या तोंडापुढे माइक धरायला हात उठत नाही. पण एक व्यवस्था लागली होती. मी तीनच्या आत घरी यायचे, खोलीचं दार लावायचे, अकरा मिनिटं गप्प बसायचे, म्हणायचे, आणि मग उरलेली पंधरा मिनिटं पुन्हा गप्प. हळूहळू मला मोजावं लागेनासं झालं. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. आम्ही बौद्ध, आईनं चर्च आतून कधी बघितलेलं नाही, मठाच्या फाटकापाशीही ती कधी आली नाही. ती फाइल मी घरात कधी वाजवली नाही, आणि वाजवली असती तरी तिच्यात काय होतं? आईला वाटायचं, कामाच्या कुणाशी फोनवर बोलते.

परवा तीनला आई ओट्याशी चहाची भांडी घासत होती. मी माझ्या खोलीत बसले, पाळी आली तशी म्हटलं, हळूच. श्वास सुटला.

आणि स्वयंपाकघरातून बारावं आलं.

आईचा आवाज मला ठाऊक आहे, बारीक आहे, तिला दोन सूर धड लावता येत नाहीत. हा आवाज घोगरा होता आणि तिसऱ्या सुरावर किंचित कापत होता. मी दारापर्यंत गेले. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, नळ चालू होता, एका हातात घासणी, दुसऱ्यात पातेलं. कडवं संपलं. ती तशीच उभी राहिली, पाणी वाहत राहिलं, आणि मी तिला हाक मारू शकले नाही, कारण तेराव्याची वेळ चालू होती आणि त्या वेळात बोलायचं नसतं, हे माझ्या जिभेला आता माझ्याआधी कळतं. मी चौकटीला धरून उभी राहिले. चौदावं. पंधरावं. पातेल्यातून पाणी ओसंडून ओट्यावर, ओट्यावरून तिच्या पायांवर पडत होतं.

सगळं संपल्यावर तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि वळली. माझ्याकडे बघून नेहमीसारखी बोलली, पाय कसे भिजले म्हणाली. मी विचारलं, आई, आत्ता तू काय म्हणत होतीस? ती म्हणाली, मी कशाले काही म्हणीन, भांडे घासून राहिली होती.

मग ती थांबली. काहीतरी आठवत असल्यासारखी तिनं स्वतःच्या डाव्या बाजूला बघितलं, जिथे ओटा संपतो आणि नुसती भिंत आहे.

"करिष्मा," ती म्हणाली, अगदी हळू, ऐकणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतात तशी. "माह्या बाजूची ते बाई... इतक्या वेळची श्वास धरून काहून बसली वं?"